ही तुमची कोण?

"आईचं जसं झालं तसंच तुमचं होणार," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या रिपोर्टवर पेनाने एक गोल काढला. "तुमच्याकडे वेळ कमी आहे. स्वतःच्या बीजाच्या मागे लागू नका. डोनर एग घ्या आणि मोकळ्या व्हा."

डोनर एग म्हणजे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज. ते बाहेर फलित करून माझ्या गर्भाशयात ठेवायचं. वाढवायचं मी, पण बीज माझं नाही.

मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे मंजिरी बसली होती, गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं खोटं मंगळसूत्र गळ्यात घालून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारण डॉक्टर ज्या आईबद्दल बोलत होते ती माझी आई नव्हती, मंजिरीची होती.

दोन बायकांना मिळून मूल हवं असेल तर आपल्या शहरात काय काय वाट्याला येतं, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवायला हवं होतं. मला कुठे सापडलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. गोड लिहिणार नाही. मला या सगळ्याची इतकी किळस आलेली आहे की गोड लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलून आमचं काय झालं तेच तर सांगायचं आहे.

माझं नाव रूपाली. कन्नड तालुक्यातल्या एका गावात वाढले, घरची शेती. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चुकीचा माल पुढे सोडायचा नाही, एवढंच माझं काम. मंजिरी शहरातलीच. तिच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी, मग कारकुनी, आता सगळे शिकलेसवरलेले आणि परदेशात पोचलेले. ती कॉलेजात भूगोल शिकवते. पडेगावला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही बरीच वर्षं एकत्र राहतो. बिल्डिंगमध्ये आम्हाला 'त्या नोकरीवाल्या मुली' म्हणतात. चौतिशी ओलांडली तरी आम्ही मुलीच.

मूल आधी मंजिरीला हवं होतं. तिच्याच तपासण्या आधी झाल्या, पुण्याला, तिच्या धाकट्या बहिणीकडे राहून. तिथे कळलं की तिचं अंडाशय लवकर थकलंय. तिच्या आईची पाळी अडतिसाव्या वर्षी गेली होती आणि हिचीही त्याच वाटेवर होती. तो धक्का पचवायला तिला वर्ष लागलं. मग एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "तू करशील का?" मी हो म्हटलं. मला स्वतःला मुलाची इतकी ओढ नव्हती. तिच्या डोळ्यांकडे बघून हो म्हटलं आणि नंतर मलाच ती ओढ लागली.

म्हणून आम्ही त्या मोठ्या क्लिनिकमध्ये गेलो. शहरात नाव असलेलं, काचेचं दार, एसी. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "मिस्टर?"

"नाहीत. एकटीच आहे."

"एकट्या बाईचं करतात, पण सोबत घरचं माणूस लागेल. ह्या कोण?"

"मैत्रीण."

"मैत्रीण नाही चालत. आई, सासू, बहीण, कुणीतरी घरचं पाहिजे. त्याशिवाय सर बघत नाहीत."

हा काही कायदा नाही, हे मला नंतर कळलं. त्या क्लिनिकचा आपला रिवाज होता. तेव्हा आम्ही बाहेर पायऱ्यांवर उभ्या राहिलो, मंजिरीने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "बहीण."

पुढच्या खेपेला ती गळ्यात ते मंगळसूत्र अडकवून आली. मला हसू आलं. ती मात्र गंभीर होती. "दोन बिनलग्नाच्या बहिणी म्हटलं की लोकांना प्रश्न पडतात. एक लग्न झालेली असली की दुसरीची कीव करतात. कीव बरी." शिक्षिकाच ती, तिने सगळा अभ्यास करून ठेवला होता.

खरंच कुणी काही विचारलं नाही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

त्या क्लिनिकच्या भिंतींवर बाळांचे फोटो होते, सगळी गोरीपान आणि निळ्या डोळ्यांची. तसल्या डोळ्यांचं मूल मी या जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही. फोटोंखाली ओळीने सुना बसायच्या आणि त्यांच्या वतीने सासवा बोलायच्या. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, सगळं सासूला तोंडपाठ. सून खाली बघून बसलेली. एका सासूने मला विचारलं, "तुमचं काय? मालक न्हाई आले?" मी म्हटलं, नाहीत. "गेले का?" म्हणून तिने हळहळ व्यक्त केली. मी तेही नाकारलं नाही. त्या बाकावर बसून मी एका न झालेल्या नवऱ्याची विधवाही होऊन आले.

पहिली तपासणी एएमएचची. रक्त घेतात आणि त्यावरून अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज बांधतात. दुसरी टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. ती करणाऱ्या बाईने पडद्याआडून मोठ्यांदा विचारलं, "लग्न नाही झालेलं ना? मग आतून कसं करू? संबंध आलेत का?" बाहेर बसलेल्या सगळ्या सासवांच्या माना वळल्या असणार. मी हो म्हटलं. "अगं बाई," ती म्हणाली आणि नळी अशी घातली की जणू माझ्या 'हो'ची शिक्षाच. तुम्हाला हे होईल तेव्हा घाबरू नका, ती तपासणी फार दुखत नाही. माझी दुखली ती त्या बाईमुळे.

मग समुपदेशक नावाच्या एक मॅडम. शुक्राणू दात्याचे असतील, ते नोंदणी असलेल्या बँकेतून येतात, त्याची सगळी तपासणी झालेली असते, तो कोण हे आपल्याला कधी कळत नाही, एवढं त्यांनी नीट सांगितलं. इथपर्यंत ठीक. मग आवाज खाली आणला. "जात सांगता येत नाही हो. कायद्यात बसत नाही. पण काळजी करू नका, आपल्याकडे चांगल्या घरातलेच असतात." माझ्या आडनावाकडे परत एकदा नजर टाकून त्या म्हणाल्या, "तरी मी बघते, तुमच्यातलं मिळतं का."

बाटलीतल्या थेंबालाही आपल्याकडे सोयरीक बघूनच घेतात. मी तोंड फिरवलं. मंजिरी मात्र हसू दाबत होती, कारण तिची जात आणि माझी जात यांची सोयरीक आमच्या दोन्हीकडच्या आज्यांनी जन्मात मान्य केली नसती.

त्यानंतर डॉक्टरांची खोली. डॉक्टर भराभर विचारत होते, मी भराभर सांगत होते. "आईची पाळी कितव्या वर्षी गेली?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात असलं कधी बोललं गेलं नाही. पाळीला आई 'बाहेरची' म्हणायची आणि ते म्हणतानाही दुसरीकडे बघायची.

"अडतिसाव्या," मंजिरी म्हणाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिला हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं. आम्ही बहिणी, तेव्हा आई एकच. डॉक्टरांनी मान डोलावली, लिहून घेतलं, आणि मग माझ्या एएमएचच्या रिपोर्टभोवती तो गोल आला. माझा आकडा खालच्या बाजूला होता हे खरं. पण तो किती खाली आणि त्यात त्या अडतिसाव्या वर्षाची भर किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांच्या हिशेबी सगळं जुळून आलं होतं. पुढच्या पाळीच्या आत निर्णय कळवा म्हणाले.

आणि आम्ही 'थँक यू डॉक्टर' म्हणून बाहेर पडलो.

घरी आल्यावर मंजिरीने आधी ते मंगळसूत्र काढलं आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये मेणबत्त्या आणि रबरांबरोबर टाकलं. मग ओट्याला टेकून रडायला लागली. "माझ्या आईचं दुखणं तुझ्याही नावावर लावलं मी."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ओरडले. "मी दिवसभर लोकांचा चुकीचा माल परत पाठवते आणि स्वतःच्या अंगाचा चुकीचा रिपोर्ट घेऊन घरी येते!"

"मग सांगू या खरं."

"खरं सांगितलं तर हाकलून देतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं तर मी त्या मॅडमकडून दुसऱ्या बाईचं बीज घेणार होते. त्याचीही चौकशी त्यांनी निघताना केली होती: "गव्हाळ चालेल ना, का जरा उजळ बघू?" सोफ्याचं कापड दाखवावं तसं. दुसऱ्याचं बीज घेऊन आई होण्यात काही कमीपणा नाही, ज्यांना गरज आहे त्यांनी खुशाल घ्यावं. पण मला गरज आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. मंजिरीचं बीज हातचं गेलंच होतं; आता माझंही जायचं असेल तर निदान एका खोट्यामुळे तरी नको, एवढंच आम्हा दोघींना कळत होतं.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला, तो सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये मी नाव न सांगता विचारलं की शहरात दुसरा कुणी चांगला डॉक्टर आहे का. डॉक्टर कुणी सुचवला नाही. एक गृहस्थ आले. लग्न झालेले, दोन मुलांचे बाप. दवाखान्यात कशाला पैसे घालता, मी निरोगी आहे, नैसर्गिकपणे करून देतो, समाजसेवा समजून. वर फोटो, जिममधला. बाईला पुरुष नको आहे हे ऐकूनही ज्याला स्वतःलाच वाढून ठेवावंसं वाटतं, त्या समाजसेवेवर मी थुंकते. ओळखीच्या माणसाकडून घरच्या घरी काही करू नका. रोगांची तपासणी होत नाही, आणि उद्या तोच माणूस मुलावर हक्क सांगायला दारात उभा राहू शकतो.

शेवटी मी आईला फोन केला. दुपारची वेळ होती, ती कन्नडहून बाजार करून आली होती. आमच्या बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आई गावात माझ्या धाकट्या भावाकडे, गणेशकडे असते.

"आई, तुझी पाळी कितव्या वर्षी गेली?"

"आं? काहून इचारती?"

"डॉक्टरने विचारलंय."

"तुला काय झालं?"

"काही नाही गं. सांग ना."

तिने बाजाराची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बावन-त्रेपनला गेली आसंल. लई उशीर. माझ्या मायचं बी तसंच. ती म्हनायची, आपल्या घरातल्या बायांची सुटकाच नाय. गणेश झाला तव्हा मी बेचाळीसची व्हते, लाजंनं वट्यावर येत नव्हते."

गणेश! माझा भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे, त्याला मी कडेवर खेळवलंय, आणि डॉक्टरांसमोर मला तो आठवलाही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्या आनंदात सगळं सांगून टाकलं.

"लेकरू?" आई म्हणाली. "कुनाचं?"

"माझं. माझं आणि मंजिरीचं."

फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"शी," आई म्हणाली. "मला शिसारी येती ऐकून. आसलं काही आपल्यात झालं नाय." आणि फोन बंद.

लोकांची किळस मला येते, त्यांना माझी येते, फिटंफाट होते. आईच्या 'शी'ची परतफेड कशी करायची ते मला अजून समजलेलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने तिने माझा फोन घेतला नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी त्याच डॉक्टरांकडे गेलो. मंजिरी मंगळसूत्राशिवाय. मी सगळं सांगितलं. आईची पाळी बावन्नाव्या वर्षी गेली, अडतीस हिच्या आईचं, ही माझी बहीण नाही, आम्ही एकत्र राहतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चुकीच्या हिस्ट्रीवर मी ट्रीटमेंट केली असती तर? जबाबदार कोण?"

हे त्यांचं बरोबर होतं. मी मान्य केलं. "म्हणूनच खरं सांगायला आलो. आता खऱ्या हिस्ट्रीवर करा."

"इथे फॅमिल्या येतात," ते म्हणाले. "मला वातावरण सांभाळायचं असतं."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि टेबलावरची सॅनिटायझरची बाटली घेऊन हात चोळले. डॉक्टरांची सवय असेल, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. पण त्याआधीच्या भेटींत त्यांनी ती बाटली उचललेली मला कधी दिसली नव्हती.

बाहेर आल्यावर मंजिरीने आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "आपण काय सांडलेलं वरण आहोत का?" रिक्षात बसल्यावर आम्ही दोघी त्यावर वेड्यासारख्या हसलो. रडण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या डॉक्टर मंजिरीच्या कॉलेजातल्या एका बाईंनी सुचवल्या. जुन्या इमारतीत दवाखाना, भिंतीवर बाळ एकही नाही, फक्त कॅलेंडर. डॉक्टर साठीच्या, चष्म्यावरून बघायच्या.

"ही तुमची कोण?"

"जोडीदार," मी म्हटलं.

"धंद्यात?"

"नाही. घरात."

त्यांनी चष्मा नीट केला. "बरं. बसा." मग मंजिरीला म्हणाल्या, "तुम्हीपण बसा. उभ्या का?"

त्यांचं बोलणं प्रेमळ वगैरे नव्हतं. पण सगळं उलगडून सांगितलं, ते तुमच्यासाठी इथे सांगते. कायद्याच्या नजरेत आम्ही जोडपं नाही. मी एक एकटी बाई, आणि एकट्या बाईला वयाच्या मर्यादेत हे उपचार घेता येतात. "ही कायद्यात नाही," मंजिरीकडे पेन रोखून त्या म्हणाल्या, "पण माझ्या खुर्चीत बसू शकते." आमच्या मनात एक गोष्ट होती, ती मंजिरीने विचारली: "बीज रूपालीचं घेऊन गर्भ माझ्या पोटात वाढवता येईल का?" परदेशात असं करतात, त्याला रेसिप्रोकल आयव्हीएफ म्हणतात. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आपल्याकडे बीज देणारी आणि घेणारी यांनी एकमेकींना ओळखता कामा नये, म्हणून ते बसत नाही. सरोगसी, म्हणजे दुसरीच्या पोटी वाढवणं, ते अविवाहित बाईला मिळत नाही. उरतात दोन वाटा. आययूआय, म्हणजे दात्याचे धुऊन स्वच्छ केलेले शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणं. नाहीतर आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करणं आणि मग आत ठेवणं.

"आणि एक ऐका," त्या म्हणाल्या. "मूल झालं तर कागदावर आई एकच. दुसरीने आधीच मन घट्ट करून ठेवायचं."

मंजिरी म्हणाली, "केलंय." केलेलं नव्हतं, मला दिसत होतं.

त्यांनी एएमएच दुसऱ्या लॅबमधून परत करायला लावलं. सोनोग्राफी स्वतः केली आणि बीजकोश स्वतः मोजले. मग एचएसजी, म्हणजे गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रे. हा मात्र दुखतो, गोळी आधी घेऊन जा. सगळं बघून त्या म्हणाल्या, "साठा जरा कमी आहे, संपलेला नाही. आई-आजीचं उशिरापर्यंत चाललंय, ते तुमच्या बाजूचं आहे. डोनर एगचं आत्ता कारण नाही. आधी आययूआय."

मला त्या खुर्चीतच रडू फुटलं. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे न देता मंजिरीकडे दिला. एवढं साधं होतं ते. तेवढ्यासाठी आम्ही इतकी घाण तुडवत आलो होतो.

आययूआयला वेळ लागत नाही. आधी गोळ्या आणि इंजेक्शनं, बीज वाढतंय का ते बघायला सोनोग्राफीच्या फेऱ्या, बीज तयार झालं की ते सुटण्यासाठी एक इंजेक्शन. मग तो दिवस. मी टेबलावर, मंजिरी डोक्याशी स्टुलावर, मांडीवर माझी पर्स घट्ट धरून. मागे कुठे एसटीत चोरी झाल्यासारखी तिने ती पर्स धरली होती. झाल्यावर थोडा वेळ पडून राहायचं आणि घरी जायचं. त्यानंतरचे दोन आठवडे खरे अवघड. पोटात काही टोचलं तरी वाटतं लागलं, काही टोचलं नाही तरी वाटतं लागलं.

पहिल्यांदा कारखान्याच्या बाथरूममध्ये पाळी आली. बाहेर येऊन मी एक अख्खी पेटी रिजेक्ट केली. सुपरवायझर म्हणाला, मॅडम आज मूडमध्ये नाहीत. दुसऱ्यांदा घरी आली. मंजिरीने साबुदाणा भिजत घातला, दुसऱ्या दिवशी उपास नव्हता तरी. त्या दिवसांत मला स्वतःच्या शरीराचाही वीट आला होता. आईचा फोन लावावासा वाटायचा. लावला की वाजून वाजून बंद व्हायचा.

तिसऱ्या खेपेला बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपण सांगणारी रक्ताची तपासणी, पॉझिटिव्ह आली. मंजिरी लॅबच्या पायऱ्यांवर मटकन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'चक्कर आली, चक्कर आली' सांगत राहिली.

गरोदरपणाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्या सोडते. फक्त एवढंच की जेवणाच्या सुट्टीत ज्या बायका माझ्या डब्यातलं लोणचं हक्काने घ्यायच्या, त्यांनी पोट दिसायला लागल्यावर डबे उचलून टेबल बदललं. मी लोणचं नेणं बंद केलं नाही. एकटीनेच खाल्लं, डोहाळे होतेच.

बाळंतपण त्या डॉक्टरबाई करत नाहीत, त्यामुळे दुसरं हॉस्पिटल. कळा सुरू झाल्यावर तिथल्या सिस्टरने दारातच विचारलं, "आत आई नाहीतर सासू येऊ शकते. ही कोण?"

मी तोंड उघडलं आणि कळ आली. मंजिरी बाहेर राहिली. ज्या मुलीला तिने पोळ्या लाटता लाटता पहिल्यांदा मागितलं, ती जन्मली तेव्हा मंजिरी कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरशेजारी उभी होती. याबद्दल मला काही सुंदर लिहिता येत नाही. मला त्याची घृणा येते, आजही.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारात आई उभी. गणेशने तिला सांगितलं होतं. कन्नडहून एसटीने एकटी आली होती, एका पिशवीत डिंकाचे लाडू आणि दुसऱ्या पिशवीत जुन्या लुगड्यांची धुतलेली दुपटी. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळली लई." मंजिरीकडे बघितलंच नाही. पिशव्या खाली ठेवल्या, हात धुतले आणि बाळ उचललं. कान बघितले, बोटं बघितली, टाळूवरून हात फिरवला.

"मला आजून पटलेलं नाय," बाळाला म्हणावं तसं ती म्हणाली.

मंजिरी खिडकीशी उभी होती. ती हळूच दाराकडे निघाली, आम्हा मायलेकींना एकटं सोडावं म्हणून. तेवढ्यात सिस्टर आली, बाळाला बघायला. "आजी का? बरं झालं आलात." मग मंजिरीकडे मान वळवून तोच प्रश्न. "आणि ही कोण? बहीण का?"

मंजिरीच्या तोंडावर जुनं 'हो' आलेलं मी बघितलं.

"बहीण कशी आसंल?" आई म्हणाली. "मला येकच लेक हाय."

सिस्टर आमच्या तिघींकडे बघत राहिली. मग तिने बाळाचं तापमान लिहून घेतलं. ती गेली. मंजिरीचा चेहरा पडला होता. मला वाटलं, आता आई हिला घरी जायला सांगणार. मी अंगातल्या टाक्यांसकट उठून बसले, भांडायच्या तयारीने.

आईने बाळ मांडीवर नीट घेतलं आणि पहिल्यांदा मंजिरीकडे बघितलं.

"तुला बहीण हाय का गं?"

"आहे," मंजिरी म्हणाली. "धाकटी. पुण्याला असते."

"मंग बलाव तिला. बाराव्या दिवशी बारसं हाय. आत्याबिगर पाळन्यात नाव कोन ठिवनार?"

मंजिरीला कळायला वेळ लागला. मला आधीच कळलं होतं.

"आनि मोकळ्या हातानं यिऊ नको म्हनाव," आई दुपटं गुंडाळत म्हणाली. "कुंची आत्याकडचीच आसती."